‘शांत झाला’ म्हणजे नेमके काय झाले? मानसिक रुग्णांवरील पोलिसी बळाविषयी

ओलासेनी लुईस हा दक्षिण लंडनमधला 23 वर्षांचा, माहिती तंत्रज्ञानाचा पदवीधर तरुण होता. घरात आणि मित्रांत त्याला सेनी म्हणत. ऑगस्ट 2010 च्या अखेरीस दोन-तीन दिवसांतच त्याचे वागणे एकाएकी बदलले आणि त्याची बेचैनी वाढत गेली. मानसिक आजाराचा कोणताही पूर्वेतिहास नव्हता. अशा वेळी कोणतेही आईवडील जे करतील तेच त्याच्या आईवडिलांनी केले आणि त्याला दवाखान्यात नेले. 31 ऑगस्ट रोजी तो बेथलेम रॉयल रुग्णालयात स्वतःच्या संमतीने दाखल झाला. हे रुग्णालय 1247 साली स्थापन झालेले आहे, आणि त्याच्याच अपभ्रष्ट नावावरून गोंगाट-गोंधळासाठीचा ‘बेडलम’ हा शब्द इंग्रजीत रूढ झाला.

आईवडील घरी परतल्यावर सेनी अस्वस्थ झाला आणि बाहेर पडण्याची धडपड करू लागला, तेव्हा कर्मचाऱ्यांनी पोलिसांना बोलावले. त्या रात्री 11 पोलिसांनी दोन टप्प्यांत मिळून अर्ध्या तासाहून अधिक काळ त्याला दाबून धरले. त्याच्या हातांत बेड्या होत्या, पाय पट्ट्यांनी आवळलेले होते आणि त्याला दंडुक्याचे फटकेही मारले गेले. अखेर तो निपचित पडला. तो सोंग करीत असावा असे समजून पोलिस त्याला तिथेच ठेवून खोलीबाहेर गेले. तो पुन्हा शुद्धीवर आला नाही आणि काही दिवसांतच, सप्टेंबरच्या सुरुवातीला, त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा आरोप नव्हता. उपचार मिळावेत म्हणून तो तिथे आला होता.

हे प्रकरण ब्रिटनमधले असले तरी ते समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यातूनच पुढे एक कायदा झाला आणि त्याहीपेक्षा, अशा मृत्यूंमागची यंत्रणा त्यात स्पष्ट दिसते. ती यंत्रणा कोणत्याही देशात, कोणत्याही गणवेशात तशीच चालते. त्या रात्री खोलीत शिरलेला एकही जण त्याचा जीव घेण्याच्या इराद्याने आला होता, असे मानण्याचे कारण नाही. मग आजारी माणसाला आवरताना त्याचा जीव जातो कसा, हा प्रश्न शांतपणे उलगडून पाहिला पाहिजे.

आज्ञा आणि आजार

पोलिसांच्या शिक्षणाचा गाभा असा असतो की आधी आज्ञा द्यायची, ती पाळली गेली नाही तर बळ वापरायचे आणि तरीही विरोध झाला तर बळ वाढवायचे. हा क्रम समोरच्या माणसाच्या हिशेबावर अवलंबून आहे. चोर पकडला जातो तेव्हा आता सुटका नाही, अधिक झटापट केली तर अधिक मार बसेल, हे त्याला कळते आणि तो हात वर करतो. वेदना देऊन वठणीवर आणण्याच्या पद्धतीही याच गृहीतकावर उभ्या आहेत, कारण मनगट पिळले की दुखते आणि दुखणे थांबावे म्हणून माणूस ऐकतो.

सायकोसिसच्या, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याच्या, अवस्थेत हा हिशेबच होऊ शकत नाही. ज्याला कानात आवाज ऐकू येतात, ज्याची पक्की खात्री झालेली आहे की आपल्याला मारायला माणसे पाठवली आहेत, त्याच्या दृष्टीने दारातून आत येणारे सहा गणवेशधारी हा त्या भीतीचा पुरावाच असतो. त्याच्या अंगावर पडणारा प्रत्येक हात ती भीती खरी ठरवतो. दुखवले की तो ऐकत नाही, उलट जिवाच्या आकांताने झटतो, आणि त्याचे झटणे पाहून पोलिसांना वाटते की बळ कमी पडले. असे हे चक्र सुरू होते आणि त्यातून बाहेर पडण्याची वाट रुग्णाच्या हातात नसते. ती पोलिसांच्याच हातात असते.

समजा, एखाद्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर बावीस वर्षांचा मुलगा तीन रात्री झोपलेला नाही, आईला आत घेऊन त्याने कडी लावली आहे आणि शेजाऱ्यांनी 112 ला फोन केला आहे. जिन्यात माणसांची गर्दी आहे, चार जण मोबाइलवर चित्रीकरण करीत आहेत, आणि पोलिस दार ठोठावून ‘उघड, नाहीतर तोडतो’ असे दरडावत आहेत. आतल्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आता तेच दृश्य निराळ्या तऱ्हेने पाहा. जिना मोकळा केलेला आहे, वायरलेसचा आवाज बारीक केला आहे, दाराशी एकच माणूस बोलतो आहे, तो मुलाला नावाने हाक मारतो, ‘घाबरलायस का? मी इथेच बसतो, घाई नाही’ असे सांगतो आणि खरोखरच उंबऱ्यापासून चार हात दूर, पायरीवर बसतो. ताण उतरवण्याच्या तंत्राचा बराचसा भाग यातच आला. एकाच माणसाने बोलणे, अंतर राखणे, गोंगाट बंद करणे आणि भरपूर वेळ देणे, एवढे त्याला लागते. आत कोणाच्या जिवाला तत्काळ धोका असेल तर गोष्ट वेगळी, पण पुष्कळदा घाई करण्यासारखे काही नसतानाही घाई केली जाते. वेळ देणे हे दुबळेपणाचे लक्षण मानले जाते, ही माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी अडचण आहे.

पालथा माणूस

आता शरीराकडे वळू. श्वास घेताना छातीच्या पिंजऱ्याखालचा पडदा खाली सरकतो, पोट पुढे येते आणि बरगड्या फाकतात. कोणाचेही वजन अंगावर न घेता, घरी जमिनीवर पालथे पडून आणि दोन्ही हात पाठीमागे बांधल्यासारखे ठेवून मिनिटभर श्वास घेऊन पाहा. निरोगी माणसाला त्यात धोका नाही, पण श्वास किती अपुरा वाटतो आणि पोटाला हलायला किती थोडी जागा उरते, हे लगेच कळते. आता त्या पाठीवर एका माणसाचा गुडघा आहे, दुसऱ्याचे वजन कमरेवर आहे आणि तिसऱ्याने पाय दुमडून धरले आहेत, अशी कल्पना करा.

हे अर्धेच झाले. पुलाचा जिना चढून, धावत सुटलेली लोकल पकडल्यावर दांडीला धरून आपण दोन-तीन मिनिटे धापा टाकीत उभे राहतो. त्याचे कारण असे की स्नायूंनी जोराचे काम केले की रक्तात आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि तो चटकन बाहेर टाकण्याचा शरीरापुढे एकच मार्ग असतो, तो म्हणजे भराभर आणि खोल श्वास. दाबून धरलेला, झटापट करणारा रुग्ण दहा-पंधरा मिनिटे अशीच धाव धावलेला असतो. त्याला नेहमीच्या कितीतरी पट हवा हवी असते आणि नेमक्या त्याच वेळी त्याची छाती आणि पोट दाबलेले असते. आम्ल वाढत जाते, हृदयाची लय बिघडते आणि ते थांबते. गळा आवळलेला नसतो, नाक-तोंड दाबलेले नसते, अनेकदा अंगावर मोठी जखमही दिसत नाही. म्हणूनच असे मृत्यू पाहणाऱ्यांना गूढ वाटतात, आणि ‘आधीच हृदय कमजोर असेल’ किंवा ‘नशा केली असेल’ अशी कारणे सहज पुढे केली जातात.

अमेरिकेत यासाठी ‘एक्सायटेड डिलिरियम’ असे भारदस्त नाव वर्षानुवर्षे मृत्यूच्या दाखल्यांवर लिहिले जात होते. त्यातून असे सूचित होत असे की माणूस स्वतःच्या उन्मादानेच मेला आणि त्याला दाबणाऱ्या हातांचा त्यात काही संबंध नव्हता. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये आणि डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने 2021 मध्ये या संज्ञेला निदान म्हणून विरोध केला. त्यानंतर 2023 मध्ये मृत्यूची कारणे ठरवणाऱ्या वैद्यकीय परीक्षकांच्या संघटनेनेही ते मृत्यूचे कारण म्हणून मान्य करणे थांबवले. तीव्र अस्वस्थतेची, ताप चढलेली, शरीर थकवून टाकणारी अवस्था खरी असते आणि ती प्राणघातकही ठरू शकते. पण ती असेल तर रुग्णाला दाबून ठेवण्याचे कारण आणखीनच कमी होते, आणि डॉक्टरला बोलावण्याची निकड वाढते.

आणखी एक घातक समजूत आहे. ‘श्वास घेता येत नाही असे तो ओरडतोय, म्हणजे श्वास चालू आहे’, असे बेधडक म्हटले जाते. शब्द उच्चारायला फारच थोडी हवा पुरते. तेवढी हवा कंठातून बाहेर गेली म्हणजे शरीराला हवी तितकी हवा फुप्फुसांत पोहोचते आहे, असे मुळीच सिद्ध होत नाही.

या सगळ्यातला सर्वांत दुःखद भाग असा की श्वासासाठीची धडपड आणि विरोधाची धडपड बाहेरून अगदी सारखीच दिसते. पालथा पडलेला माणूस छाती वर उचलू पाहतो, कारण त्याला हवा हवी असते, आणि वर बसलेल्याला वाटते की तो उठून हल्ला करणार आहे, म्हणून तो आणखी जोर लावतो. मग काही वेळाने ती धडपड थांबते. आपल्या भाषेत ‘शांत झाला’ या शब्दांना दोन अर्थ आहेत, एक राग उतरल्याचा आणि दुसरा प्राण गेल्याचा. अशा खोलीत पहिला अर्थ गृहीत धरला जातो, तेव्हा पुष्कळदा दुसरा खरा ठरण्याच्या मार्गावर असतो. सेनी लुईस निपचित पडला त्या क्षणी त्याला वाचवण्यासाठी डॉक्टर, परिचारिका आणि उपकरणे त्याच इमारतीत होती.

इशारा आधीच होता

असे पहिल्यांदाच घडले असते तर अज्ञान हे कारण काही अंशी मान्य करता आले असते. पण 1998 मध्ये नॉर्विच येथील मनोरुग्णांच्या केंद्रात डेव्हिड बेनेट या 38 वर्षांच्या रुग्णाचा मृत्यू परिचारकांनी त्याला पालथे दाबून धरल्यामुळे झाला होता. तिथे पोलिस नव्हते, म्हणजे प्रश्न केवळ खाकी किंवा निळ्या गणवेशाचा नाही, हेही त्यातून कळते. त्या प्रकरणाच्या चौकशी समितीने कोणत्याही रुग्णाला पालथ्या स्थितीत तीन मिनिटांहून अधिक काळ धरू नये, अशी शिफारस केली होती. पुढे 2008 मध्ये स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असलेला 40 वर्षांचा शॉन रिग दक्षिण लंडनमध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावला. तो राहत होता त्या वसतिगृहातील कर्मचारी मदतीसाठी वारंवार फोन करीत होते. 2012 मधील मृत्यूचौकशीत ज्यूरीने पोलिसांनी त्याला पालथे दाबून धरण्यावर कठोर ठपका ठेवला.

बेनेट, रिग आणि लुईस हे तिघेही कृष्णवर्णीय होते. इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने दाखल केले जाण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या तिपटीहून अधिक आहे. धिप्पाड कृष्णवर्णीय तरुण घाबरलेला असला तरी तो ‘धोकादायक’ म्हणूनच पाहिला जातो, ही तिथल्या कुटुंबांची जुनी तक्रार आहे आणि आकडे त्या तक्रारीच्या बाजूने बोलतात. आपल्याकडे त्या नजरेची कारणे वेगळी असतील, पण फाटक्या कपड्यांतला, स्टेशनबाहेर एकटाच बडबडणारा माणूस आणि चांगल्या घरातला तसाच आजारी मुलगा यांना मिळणाऱ्या वागणुकीत फरक असतो, हे कोणीही प्रामाणिकपणे नाकारू शकणार नाही.

मग तीन मिनिटांची शिफारस, पालथ्या स्थितीचे धोके आणि त्यांचे प्रशिक्षण हे सारे असूनही 2010 ची ती रात्र घडली कशी? मला त्याचे उत्तर जबाबदारीच्या पोकळीत दिसते. पोलिसांना वाटले की हे रुग्णालय आहे, त्यामुळे प्रकृतीकडे डॉक्टर पाहतील. कर्मचाऱ्यांना वाटले की पोलिस आलेत, आता खोली त्यांच्या ताब्यात आहे. धरणाऱ्या प्रत्येकाचे लक्ष आपल्या वाट्याच्या हातावर किंवा पायावर असते. रुग्णाच्या डोक्याशी बसून केवळ त्याचा श्वास, ओठांचा रंग आणि प्रतिसाद पाहणारा, आणि ‘सोडा’ म्हणण्याचा अधिकार असलेला एक माणूस नेमलेला असणे ही जीव वाचवणारी साधी गोष्ट आहे. ती कागदावर होती.

सात वर्षे आणि एक कायदा

सेनीच्या मृत्यूची चौकशी पूर्ण होऊन ज्यूरीचा निष्कर्ष यायला मे 2017 उजाडले, म्हणजे जवळजवळ सात वर्षे गेली. अतिरेकी बळ वापरले गेले, ते असमर्थनीय होते आणि त्याचा मृत्यूला हातभार लागला, असे ज्यूरीने नोंदवले. रुग्णालयाकडून झालेल्या चुकाही दाखवल्या. त्याच वर्षी पोलिसांच्या शिस्तभंग सुनावणीत सहा अधिकाऱ्यांवरील आरोप सिद्ध झाले नाहीत, आणि कोणालाही या मृत्यूसाठी तुरुंगवास झाला नाही. ज्या आईवडिलांनी सात वर्षे न्यायालयांचे उंबरठे झिजवले, त्यांच्या वाट्याला शिक्षा झालेला आरोपी आला नाही, पण मुलाच्या नावाचा कायदा आला.

क्रॉयडन नॉर्थचे खासदार स्टीव्ह रीड यांनी मांडलेले खासगी विधेयक 1 नोव्हेंबर 2018 रोजी राजसंमती मिळून कायदा झाले. त्याला सर्वजण ‘सेनीचा कायदा’ म्हणतात. त्यातील बहुतेक तरतुदी 31 मार्च 2022 पासून इंग्लंडमध्ये लागू झाल्या. मनोरुग्ण विभाग असलेल्या संस्थेने बळाच्या वापरासाठी एक वरिष्ठ व्यक्ती जबाबदार म्हणून नेमली पाहिजे, लेखी धोरण प्रसिद्ध केले पाहिजे, रुग्णाला त्याचे हक्क समजावून सांगितले पाहिजेत, कर्मचाऱ्यांना ताण उतरवण्याचे प्रशिक्षण दिले पाहिजे आणि बळाच्या वापराची नोंद रुग्णाचे वय, लिंग आणि वंश यांसह ठेवली पाहिजे, असे तो सांगतो. बळ म्हणजे केवळ हाताने दाबणे नव्हे. पट्टे-बेड्या, गुंगीचे औषध आणि एकांतवासाची खोली यांचाही त्या व्याख्येत समावेश आहे.

पोलिसांसाठी त्यात मुख्य तरतूद एकच आहे. कर्मचाऱ्यांच्या मदतीला मनोरुग्ण विभागात जाणाऱ्या पोलिसाने, व्यवहार्य असेल तिथे, अंगावर कॅमेरा लावून तो चालू ठेवला पाहिजे. तसे न केल्यास तेवढ्याच कारणावरून खटला भरता येत नाही, मात्र न्यायालय ती बाब विचारात घेऊ शकते. ही तरतूद तोकडी आहे, हे मान्यच केले पाहिजे. कॅमेरा पाठीवरचा गुडघा उचलत नाही. शिवाय हा कायदा रुग्णालयाच्या भिंतींच्या आतच लागू होतो, आणि रस्त्यावर किंवा घरात होणारी झटापट त्याच्या कक्षेत येत नाही. तरीही मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण बंद खोलीत काय घडले हे आजवर फक्त धरणारेच सांगू शकत होते, धरला गेलेला सांगायला उरत नव्हता.

रस्त्यावरच्या रुग्णासाठी तिथे 1983 च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम 136 आहे. सार्वजनिक ठिकाणी कोणी मानसिक आजाराने त्रस्त आणि तातडीच्या मदतीच्या गरजेत दिसला, तर पोलिस त्याला ‘सुरक्षित जागी’ नेऊ शकतात. पूर्वी ही सुरक्षित जागा सर्रास पोलिस कोठडीच असे. डिसेंबर 2017 पासून 18 वर्षांखालील कोणालाही कोठडीत ठेवण्यास मनाई झाली, प्रौढांसाठी कोठडी अपवादात्मक झाली आणि थांबवून ठेवण्याची मर्यादा 72 तासांवरून 24 तासांवर आली. शक्य असेल तेव्हा पोलिसाने आधी डॉक्टर किंवा परिचारिकेशी बोलून घ्यावे, असेही त्यात जोडले गेले.

त्यानंतरचा टप्पा पोलिसांनीच मागे सरकण्याचा आहे. हंबरसाइड पोलिसांनी सुरू केलेली ‘योग्य मदत, योग्य माणूस’ ही पद्धत जुलै 2023 मध्ये राष्ट्रीय कराराने इंग्लंडभर स्वीकारली गेली. जिवाला धोका किंवा गुन्हा नसेल तर मानसिक आरोग्याच्या फोनवर पोलिस जाणार नाहीत, आरोग्यसेवेने जावे, असा तिचा आशय आहे. तत्त्व म्हणून ते मला पटते. मात्र पोलिस मागे सरकले आणि त्यांच्या जागी कोणीच पुढे आले नाही, तर घाबरलेल्या आईच्या फोनला उत्तर कोण देणार, ही तेथील डॉक्टरांची आणि कुटुंबांची भीती अनाठायी म्हणता येत नाही.

आपला कायदा काय सांगतो

भारतात 7 एप्रिल 2017 रोजी संमती मिळालेला आणि 29 मे 2018 पासून लागू झालेला मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. त्याच्या कलम 100 मध्ये पोलिसांची कर्तव्ये दिली आहेत, आणि तिथला शब्द ‘अटक’ नसून ‘संरक्षणाखाली घेणे’ असा आहे. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा, भटकणारा माणूस किंवा स्वतःला वा इतरांना धोका असलेला माणूस ठाणे प्रभारी अधिकाऱ्याने संरक्षणाखाली घ्यावा, का घेतले ते त्याला किंवा त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला सांगावे आणि शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावे. अशा माणसाला पोलिस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवण्यास पूर्ण मनाई आहे. तो बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून कुटुंबाचा शोध घेणे, हेही पोलिसांचेच काम आहे.

हा बदल किती मोठा आहे, हे मागे पाहिल्याशिवाय कळत नाही. आधीच्या, 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशा माणसाला 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जात असे. आता वाट न्यायालयाकडून दवाखान्याकडे वळली आहे. कलम 95 ने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी घातली. त्या बंदीमागे तमिळनाडूतील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी लागलेल्या आगीची आठवण आहे, ज्यात साखळ्यांनी जखडलेल्या 28 मनोरुग्णांचा होरपळून मृत्यू झाला. कलम 97 म्हणते की शारीरिक बंधन हा तत्काळ हानी टाळण्याचा एकमेव उपाय असेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, अत्यावश्यक तेवढाच वेळ आणि वैद्यकीय देखरेखीखाली वापरावे. शिक्षा म्हणून किंवा माणसे कमी आहेत म्हणून ते वापरता येणार नाही.

पण कलम 97 रुग्णालयासाठी आहे. घर ते रुग्णालय या प्रवासात, पोलिस व्हॅनच्या बाकावर, किती बळ वापरावे, कसे धरावे, श्वास कोणी पाहावा, याबद्दल कायदा काहीच सांगत नाही. बळ वापरल्याची वेगळी नोंदही मागत नाही. पोलिसांना या विषयाचे वेळोवेळी प्रशिक्षण देण्याची जबाबदारी कलम 30 ने सरकारवर टाकली आहे, परंतु ते कोणत्या स्वरूपाचे असावे हे मोकळे सोडले आहे. बेड्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात, आरोपीलाही सरसकट बेड्या घालता येणार नाहीत, असे बजावले होते. ज्याच्यावर आरोपच नाही, त्याच्या बाबतीत तर त्याहून कडक कसोटी लावली पाहिजे, असे मला वाटते.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळीला संस्था आहे. एखाद्या दूरच्या तालुक्यातून तिथे पोहोचायला कित्येक तास लागतात आणि तेवढा वेळ बिथरलेल्या माणसाला गाडीत सांभाळायचे असते. म्हणून कलम 94 माहीत असणे उपयोगाचे आहे. जिवाला किंवा इतरांना गंभीर धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ नसला तरी, घरीसुद्धा आणीबाणीचे उपचार करू शकतो. प्रतिनिधी उपलब्ध असेल तर त्याची संमती घ्यावी लागते आणि असे उपचार 72 तासांपर्यंत चालू शकतात. गावातल्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला व्हॅनच्या आधी बोलावता आले, तर पुढचा प्रवास पुष्कळ सुरक्षित होतो.

पोलिसांना फोन करावाच लागला, तर पहिल्या वाक्यातच ‘हा रुग्ण आहे’ असे सांगावे. ‘मुलगा मारतोय’ एवढेच सांगितले तर येणारी माणसे हल्लेखोराला पकडायच्या तयारीने येतात. आजाराचे नाव, औषधे किती दिवस बंद आहेत, हातात काही हत्यार आहे की नाही, घरात लहान मुले आहेत का आणि तो कोणाचे ऐकतो, हे सांगावे. रुग्णवाहिकेसाठी 108 ला वेगळा फोन करावा. प्रसंग हाताबाहेर जाण्याच्या आधीच्या दिवसांत सल्ल्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. तिथे समुपदेशक मिळतो, पण घरी येणारे पथक मिळत नाही. पोलिस आल्यावर घरातल्या एकाने त्यांना दारातच गाठून डिस्चार्ज कार्ड किंवा औषधाची चिठ्ठी दाखवावी आणि त्यांच्याबरोबर आत जावे. धरावेच लागले तर पालथे पाडू नका, बसवा किंवा कुशीवर वळवा, असे स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि साहेबांना वाईट वाटेल म्हणून संकोच करू नये.

आणि झटापटीनंतर तो एकाएकी गप्प झाला, तर ‘झाला शांत, झोपू द्या’ असे म्हणून कोणालाही दूर जाऊ देऊ नये. सर्वांनी अंगावरून हात काढावेत, त्याला कुशीवर वळवावे, मोठ्याने हाक मारावी, खांदा हलवावा आणि छाती वर-खाली होते आहे का, ते जवळ वाकून पाहावे. प्रतिसाद नसेल आणि श्वास दिसत नसेल, किंवा मधूनच धाप लागल्यासारखा एखादा आचका येत असेल, तर त्याला उताणे करावे, बेड्या तिथल्या तिथे काढायला लावाव्यात आणि रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने दाब देत राहावे.